दोन पेसो बहात्तर सेंटाव्हो: फिलिपिन्सने सिगारेटवरचा कर कसा बदलला

२०१२ साली फिलिपिन्समध्ये स्वस्तातल्या सिगारेटच्या वीसच्या पाकिटावर उत्पादन शुल्क होतं २ पेसो ७२ सेंटाव्हो (शंभर सेंटाव्होंचा एक पेसो). त्या वेळचा एक पेसो म्हणजे साधारण सव्वा रुपया. हिशेब केला तर एका सिगारेटमागे सरकारच्या तिजोरीत सतरा-अठरा पैसे पडत होते. १ जानेवारी २०१३ पासून त्याच पाकिटावर १२ पेसो कर लागला आणि २०१७ मध्ये तो ३० पेसोंवर गेला. पाच वर्षांत अकरा पट.

एवढी वाढ कुठल्याही देशात सहज होत नाही. फिलिपिन्समध्ये तर तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांचे खासदार एकजुटीने बसलेले, बाजाराचा नव्वद टक्क्यांहून जास्त हिस्सा एकाच कंपनीच्या हाती आणि आधीचे दोन कायदे त्याच गटाने पातळ करून घेतलेले. तरीही कायदा झाला आणि त्यातून आलेल्या पैशावर लाखो गरीब कुटुंबांचा आरोग्य विमा उभा राहिला. तंबाखूवरच्या कराची चर्चा निघाली की आपल्याकडे दर किती टक्के यावरच भांडण होतं. या प्रकरणातून मला दिसतं ते वेगळं आहे. दर वाढवणं हे अर्धंच काम होतं. करातल्या पायऱ्या मोडल्या आणि पैसा कुठे जाणार हे कायद्यातच लिहून ठेवलं, म्हणून तो कर टिकला.

सोळा वर्षं गोठलेल्या किमती

मूळ दुखणं १९९६ च्या कायद्यात होतं. त्याने सिगारेटची किमतीनुसार चार गटांत विभागणी केली: स्वस्त, मध्यम, महाग, उंची. २०१२ मध्ये या गटांचे दर पाकिटामागे २.७२, ७.५६, १२ आणि २८.३० पेसो होते. इथवर ठीक. पण १९९६ साली बाजारात असलेल्या ब्रँडांची यादी कायद्याला जोडली गेली आणि त्यांचा गट १ ऑक्टोबर १९९६ च्या किमतीवरून कायमचा ठरवला गेला. पुढे त्या ब्रँडची किंमत कितीही वाढो, कर भरायचा तो जुन्या किमतीच्या गटातला. नव्याने येणाऱ्या ब्रँडला मात्र चालू किंमत लागू.

याचे दोन परिणाम झाले. जुन्या कंपन्यांना कायद्यानेच कुंपण घालून मिळालं. २०१० मध्ये लुसिओ टान यांची फॉर्च्यून टोबॅको आणि फिलिप मॉरिसची स्थानिक कंपनी एकत्र आल्यावर त्या कुंपणाच्या आत जवळपास सगळा बाजारच आला. बाहेर राहिलेल्या ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोला ही यादी रद्द व्हायला हवी होती. त्यामुळे सुधारणेची वेळ आली तेव्हा तंबाखू उद्योग एका सुरात बोलत नव्हता. आरोग्य चळवळीला ही फूट फार उपयोगी पडली, हे मोकळेपणाने सांगायला हवं.

दुसरा परिणाम जास्त घातक होता. चार पायऱ्या असल्या की कर वाढल्यावर ओढणारा माणूस सिगारेट सोडत नाही, एक पायरी खाली उतरतो. उंची ब्रँडचा महागावर, महागाचा मध्यमावर. सगळ्यात खालची पायरी जवळजवळ फुकट असेल तर वरचे दर वाढवून काहीच साधत नाही. जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगते की तंबाखूची किंमत १० टक्क्यांनी वाढली तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत खप सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. पण ही घट दिसायची तर खाली उतरायला जागा उरता कामा नये.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही पायरी ओळखीची वाटेल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले फक्त ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. मावा, खर्रा, मशेरी, चुना लावून मळलेली चिमूट हा आपला खालचा मजला. सिगारेटवर कर वाढला की बातम्या होतात, पण इथल्या बहुतेक तंबाखूचं गिऱ्हाईक सिगारेटकडे फिरकतच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेट आणि गुटख्यासाठी ४० टक्क्यांचा दर ठरवला आणि त्याच बैठकीत बिडीचा दर २८ वरून १८ टक्के केला. सोलापूरच्या बिडी वळणाऱ्या बायकांचं पोट हा त्यामागचा खराखुरा प्रश्न आहे, तो मी उडवून लावत नाही. पण पायरी कमी करण्याऐवजी आपण ती आणखी खोल केली, हेही तितकंच खरं.

एका मताचं अंतर

फिलिपिन्समध्ये या सुधारणेला २०१० नंतर बळ मिळालं. राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो हे स्वतः धूम्रपान करत आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. तरी त्यांनी हे विधेयक तातडीचं ठरवलं. त्यांचे अर्थमंत्री सेझर पुरिसिमा आणि महसूल आयुक्त किम हेनारेस यांना तिजोरी भरायची होती, आरोग्यमंत्री एन्रिके ओना यांना गरिबांच्या विम्यासाठी पैसा हवा होता. एरवी अर्थखातं आणि आरोग्यखातं एकमेकांकडे पाठ करून बसलेलं असतं, इथे दोघं एकाच टेबलावर आले. डिसेंबर २०११ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दारूवरच्या भेदभावाच्या करावरून फिलिपिन्सच्या विरोधात निकाल लागला होता. दारूचा कर बदलणं भागच होतं, मग दारू आणि सिगारेट यांचा एकच कायदा पुढे आला. तो ‘सिन टॅक्स’ म्हणजे पापकर या नावानेच ओळखला गेला.

जून २०१२ मध्ये प्रतिनिधीगृहाने विधेयक मोठ्या बहुमताने मंजूर केलं, पण बरीच तडजोड करून. अर्थखात्याला मुळात वर्षाला ६० अब्ज पेसोंची जादा भर हवी होती. ती निम्म्यावर आली. सिनेटमध्ये करविषयक समितीचे अध्यक्ष राल्फ रेक्टो यांनी जो मसुदा आणला त्यात ती आणखी घसरली. आरोग्य संघटनांनी हा मसुदा कंपन्यांच्या सोयीचा असल्याची जाहीर टीका केली. रेक्टो यांनी आरोप नाकारले आणि ऑक्टोबरमध्ये अध्यक्षपद सोडलं. सूत्रं फ्रँकलिन ड्रिलन यांच्याकडे गेली.

या काळात डॉक्टरांच्या संघटना, माजी आरोग्यमंत्री, अर्थतज्ज्ञांचे गट आणि रुग्ण हे सगळे सिनेटच्या सुनावण्यांना बसत. घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र गमावलेली माणसं गळ्याला छोटं यंत्र टेकवून बोलत. तो खरखरीत, एकसुरी आवाज ज्यांनी ऐकला असेल त्यांना आकडेवारीची गरज पडत नाही. तरी आकडेवारीही होतीच. तंबाखूने वर्षाला किती फिलिपिनो मरतात, उपचाराला किती खर्च येतो आणि करातून किती पैसे येतात, याचा ताळा अर्थखात्याच्या कागदांत मांडला होता. आरोग्याचा मुद्दा आरोग्यवाल्यांनी मांडला की तो भावनेचा ठरतो, अर्थखात्याने मांडला की धोरणाचा. या प्रकरणात तो दोघांनीही मांडला.

डिसेंबर २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त मसुद्यावर सिनेटमध्ये मतदान झालं. बाजूने १०, विरोधात ९. एक मत फिरलं असतं तर आज हे प्रकरण कुणी अभ्यासलंच नसतं. काही दिवसांत अकिनो यांनी सही केली आणि प्रजासत्ताक कायदा क्रमांक १०३५१ जन्माला आला.

त्यात काय होतं? गोठवलेली यादी रद्द. चार गटांचे दोन गट. २०१३ मध्ये स्वस्त गटाला १२ पेसो आणि वरच्याला २५. मग दरवर्षी खालचा दर झपाट्याने वर: १७, २१, २५. वरचा मात्र हळूहळू: २७, २८, २९. २०१७ मध्ये दोन्ही ३० पेसोंवर येऊन मिळाले. पायऱ्या संपल्या. २०१८ पासून दरवर्षी ४ टक्के आपोआप वाढ. हे शेवटचं कलम कागदावर किरकोळ दिसतं, पण त्यामुळे दरवर्षी संसदेत नवी लढाई लढायची वेळ राहिली नाही. महागाई कराला गुपचूप खात असते, तिलाही थोडा चाप बसला.

एका पेसोची एक सिगारेट

मनिलाच्या रस्त्यांवर वाहतूक तुंबली की हातात लाकडी पेटी घेतलेली पोरं गाड्यांमधून फिरतात. पेटीत सिगारेट, गोळ्या, च्युइंगम. पेटीचं झाकण ते टकटक वाजवतात, म्हणून त्यांना ‘टकाटक’ म्हणतात. जीपनीचा, म्हणजे तिथल्या प्रवासी जीपचा, ड्रायव्हर हात बाहेर काढतो, नाणं देतो, एक सिगारेट घेतो. गल्लोगल्लीच्या ‘सारी-सारी’ दुकानांतही तेच. तेल छटाकभर, शॅम्पूची पुडी, सिगारेट एक. सुट्या विक्रीला तिथे ‘टिंगी’ म्हणतात.

कराचा खरा परिणाम या नाण्यांच्या व्यवहारात उमटतो. पाकीट घेणाऱ्याला चार-पाच पेसो जास्त मोजावे लागले तर तो कुरकुरतो आणि देतो. सुटी घेणाऱ्याचा भाव मात्र एका नाण्यावरून थेट दीड-दोन नाण्यांवर जातो. शाळकरी मुलासाठी आणि रोजंदारीवरच्या माणसासाठी ही मोठी उडी असते. उलट सुटी विक्री चालू राहिल्याने माणूस पूर्ण न सोडता दोनाची एक करतो, आणि पाकिटावरची इशाऱ्याची चित्रंही त्याच्या नजरेला पडत नाहीत. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच कारणाने. टपरीवर अजूनही सुटी मिळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बंदी आणि कर ही जोडी आहे, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

एका पेसोला एक सिगारेट हा भाव राखून धरला तो मायटी कॉर्पोरेशन या स्थानिक कंपनीने. कर वाढल्यावर बड्या कंपनीचे ब्रँड महागले आणि मायटीचा खप भराभर वाढला. एवढ्या किमतीत कर आणि व्हॅट भरल्यावर उरतं काय, असा सवाल प्रतिस्पर्ध्यांनी आणि आरोग्य गटांनी सुरुवातीपासून केला. पाकिटांवर करमुद्रा, म्हणजे कर भरल्याचं सरकारी तिकीट, चिकटवणं सक्तीचं झालं तरी ते चालू राहिलं. अखेर २०१७ च्या सुरुवातीला गोदामांवर छापे पडले, बनावट करमुद्रा लावलेल्या पाकिटांचे ढीग सापडले आणि सरकारने करचुकवेगिरीचे अब्जावधींचे दावे लावले. कंपनीने २५ अब्ज पेसो भरून तडजोड करायची तयारी दाखवली आणि आपला व्यवसाय जपान टोबॅकोला विकला. चार वर्षं मात्र स्वस्त सिगारेट गरीब वस्त्यांत मिळत राहिली. त्या चार वर्षांत सिगारेट ओढायला लागलेल्या पोरांची मोजदाद कुठल्याच तडजोडीत होत नाही. कर वाढवणारं सरकार करमुद्रा तपासायला माणसं नेमत नसेल तर त्याने अर्धवट काम केलं आहे, असं मी म्हणेन.

पैसा कुठे गेला

तंबाखूवरचं उत्पादन शुल्क २०१२ मध्ये सुमारे ३२-३३ अब्ज पेसो होतं, २०१३ मध्ये ते ७० अब्जांच्या घरात गेलं. दारू आणि तंबाखू मिळून पहिल्या वर्षी ३४ अब्जांची जादा भर अपेक्षित होती, प्रत्यक्षात ५१ अब्ज आली. कर वाढला की विक्री पडेल आणि महसूल बुडेल, ही कंपन्यांची भीती पहिल्याच वर्षी खोटी ठरली. २०१२ च्या डिसेंबरमध्ये कारखान्यांनी जुन्या दराने कर भरून भरपूर माल बाहेर काढून ठेवला होता, तरीही.

कायद्याने या जादा पैशाची वाटणी ठरवून दिली होती. तंबाखूच्या वाढीव महसुलातला १५ टक्के हिस्सा तंबाखू पिकवणाऱ्या प्रांतांना, शेतकऱ्याला दुसऱ्या पिकाकडे वळता यावं म्हणून. उरलेल्यातला ८० टक्के भाग सार्वत्रिक आरोग्य सेवेला आणि २० टक्के गरजूंच्या वैद्यकीय मदतीला आणि दवाखान्यांच्या बांधकामाला. फिलहेल्थ या सरकारी विमा संस्थेत ज्यांचा हप्ता सरकार भरतं अशी गरीब कुटुंबं २०१२ मध्ये ५२ लाख होती, २०१४ मध्ये १ कोटी ४७ लाख झाली. नोव्हेंबर २०१४ च्या कायद्याने सगळे ज्येष्ठ नागरिकही विम्यात आले, तेही याच पैशावर. आरोग्यखात्याचं अंदाजपत्रक ४२ अब्ज पेसोंवरून २०१६ मध्ये १२२ अब्जांवर पोचलं. दक्षिणपूर्व आशियातल्या एका गरीब देशाने चार वर्षांत आरोग्याचा खर्च जवळजवळ तिप्पट केला, आणि त्यातला मोठा भाग सिगारेट-दारूतून आला.

विम्याचं कार्ड मिळालं म्हणजे उपचार मिळाले असं नाही. सरकारी इस्पितळात औषध नसेल तर नातेवाइकांना चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात धावावंच लागतं. एकूण आरोग्यखर्चातला निम्म्याच्या आसपासचा वाटा फिलिपिनो लोक स्वतःच्या खिशातूनच भरत राहिले. करातून पैसा उभा राहतो, पण इस्पितळ चालवायला डॉक्टर, परिचारिका आणि औषधसाठा लागतो. ते काम वेगळं आहे आणि हळू होतं.

शेतकऱ्यांच्या १५ टक्क्यांचंही तेच. उत्तरेकडच्या, तंबाखू पिकवणाऱ्या इलोकोसच्या प्रांतांत या निधीतून रस्ते आणि इमारती खूप झाल्या, पिकं बदलल्याचं त्या मानाने कमी दिसलं. २०१७ मध्ये इलोकोस नॉर्टेत तंबाखू निधीतून झालेल्या वाहनखरेदीवरून प्रतिनिधीगृहात चौकशी बसली. तंबाखूचा शेतकरी हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कमी ऐकला गेलेला माणूस आहे. कंपन्या त्याचं नाव पुढे करतात, सरकार त्याच्या नावाने निधी काढतं, आणि पानाला भाव काय मिळतो हे अखेर खरेदीदारच ठरवतो.

आणि ओढणारे? तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९ मध्ये २९.७ टक्के होतं, २०१५ मध्ये २३.८ आणि २०२१ मध्ये १९.५. सगळं श्रेय कराला देता येणार नाही. २०१४ मध्ये पाकिटांवर चित्ररूप इशाऱ्यांचा कायदा झाला, २०१७ मध्ये देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचा आदेश निघाला. पण करापूर्वी या उपायांची गाडी हलतच नव्हती. गरिबावर कर लादला, ही टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. मला ती पटत नाही. किंमत वाढली की आधी सोडतो तो गरीब आणि तरुण. आणि कुटुंबातल्या कमावत्या माणसाला फुप्फुसाचा कर्करोग झाला तर त्या घराला जो दंड बसतो त्याच्यापुढे पाकिटावरचे ३० पेसो काहीच नाहीत.

दुसरा अंक

२०१७ नंतर कर आणखी वाढले. २०१९ च्या कायद्याने २०२० मध्ये ४५ पेसो, मग दरवर्षी ५ ची वाढ करत २०२३ मध्ये ६० आणि पुढे दरवर्षी ५ टक्के. सार्वत्रिक आरोग्य सेवेचा कायदाही २०१९ चाच, आणि तंबाखू करातला निम्मा पैसा त्याच्याकडे वळवला गेला.

मग चाक उलटं फिरू लागलं. तंबाखूचं उत्पादन शुल्क २०२१ मध्ये १७६ अब्ज पेसोंवर पोचून २०२२ मध्ये १६० आणि २०२३ मध्ये १३५ अब्जांपर्यंत घसरलं. लोकांनी सोडलं म्हणून घसरलं असतं तर आनंदच होता. पण चोरटी सिगारेट, विशेषतः दक्षिणेकडच्या बेटांवर समुद्रमार्गे येणारी, बाजारात पसरली होती. शिवाय २०२२ च्या व्हेप कायद्याने ई-सिगारेट घेण्याचं किमान वय २१ वरून १८ वर आणलं आणि नियंत्रण अन्न व औषध प्रशासनाकडून काढून व्यापार खात्याकडे दिलं. एका दाराला कडी लावली आणि दुसरं दार सरकारने स्वतःच्या हाताने उघडलं. कंपन्या आता म्हणतात, कर जास्त झाला म्हणून तस्करी वाढली. मायटीच्या वेळी पाकिटावरचा कर आजच्या निम्म्याहून कमी होता, तरी बनावट करमुद्रा छापल्या गेल्याच होत्या. तस्करी वाढते ती गस्त, बंदरं आणि शिक्षा ढिली पडल्यावर.

फिलहेल्थच्या पैशाचं तर याहून वाईट झालं. २०२४ मध्ये सरकारने फिलहेल्थकडे ‘पडून असलेले’ ८९.९ अब्ज पेसो मध्यवर्ती तिजोरीत वळवायला सांगितले. त्यातले ६० अब्ज गेलेसुद्धा, तेव्हा ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या रकमेला स्थगिती दिली. २०२५ च्या अंदाजपत्रकात संसदेने फिलहेल्थचं सरकारी अनुदान शून्य केलं, कारण काय तर संस्थेकडे शिल्लक आहे. शिल्लक का होती? रुग्णांना द्यायच्या मदतीचे दर वर्षानुवर्षं वाढवलेच नव्हते. डॉक्टर, कामगार संघटना आणि जुने सिन टॅक्सवाले पुन्हा न्यायालयात उभे राहिले. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने ते हस्तांतर रद्द ठरवलं आणि ६० अब्ज परत करायला सांगितले.

या लढाईत याचिकाकर्त्यांच्या हातात एक भक्कम कागद होता, तो म्हणजे २०१२ आणि २०१९ च्या कायद्यांतली वाटणीची कलमं. कुठल्या करातले किती टक्के कुणाला, हे तिथे आकड्यात लिहिलेलं आहे, आणि आरोग्यखात्याला वाढीव महसुलाच्या खर्चाचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. भारतात डिसेंबर २०२५ मध्ये पानमसाल्यावर नवा उपकर आणणारा कायदा झाला, त्याच्या नावात आरोग्य आणि राष्ट्रीय सुरक्षा ही दोन्ही कामं आहेत. त्यातला आरोग्याचा वाटा किती, महाराष्ट्राला त्यातून काय येणार, आणि तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीला जिल्हा रुग्णालयांत त्यातला किती पैसा पोचला, हे दरवर्षी आकड्यात छापून मिळायला हवं. तंबाखूवर काम करणाऱ्या आपल्या संस्थांनी ही मागणी पहिल्याच अंदाजपत्रकापासून लावून धरावी.